घटस्थापनेला पाठवायचा अर्ज

देवळाली प्रवऱ्याचे कारभारी मुसमाडे गेली एकतीस वर्षं एकाच कॉलेजात कारकून होते, आणि ही एकतीस वर्षं त्यांनी दोन गोष्टींच्या जोरावर काढली होती. एक नियमांची फाईल आणि दुसरं पंचांग. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी असत. कॉलेज शेतीची अवजारं आणि यंत्रं शिकवणारं, आत सगळी मोजमापाची माणसं. पण पगारबिलापासून पाहुण्यांच्या जेवणापर्यंत कुठलाही कागद बाहेर पडायचा तो मुसमाड्यांनी पंचांग चाळल्यावरच. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, प्राचार्यसुद्धा. नव्यानं आलेले प्राध्यापक सुरुवातीला हसत. मग स्वतःच्या बढतीचा अर्ज हातात आला की हळूच दारात उभे राहून विचारत, "भाऊसाहेब, आज दिवस कसाय?"

पितृपक्षात तर भाऊसाहेब नवीन काही पाठवतच नसत. त्याला कारण घडलं होतं. बारा वर्षांपूर्वी मुलींच्या वसतिगृहाचा प्रस्ताव त्यांनी ऐन पितृपक्षात तृतीयेला पाठवला आणि तो जसाच्या तसा परत आला. प्रस्तावाला नकाशा जोडायचाच राहिला होता, ही गोष्ट वेगळी. भाऊसाहेबांनी सगळा दोष तृतीयेच्या माथी मारला आणि नकाशाला सोडून दिलं.

यंदा पितृपक्षाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे अर्ज आला तो धनश्री दहिफळेचा.

धनश्री पाथर्डी तालुक्यातली. आईवडील, रंगुबाई आणि बिभीषण, दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला बाहेर पडत. नवराबायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजणी. पोरीनं पीएचडीला विषय घेतला तो आईच्या डोक्यावरचाच. तोडलेल्या उसाची मोळी बाई डोक्यावर घेते, फळीवरून चढते आणि ट्रकमध्ये टाकते. डोकं आणि मोळी यांच्यामध्ये काय असतं, तर जुन्या लुगड्याच्या चिंधीची गोल चुंबळ. ही चुंबळ कशी केली तर मानेवरचा भार हलका होईल, एवढं एकच धनश्री चार वर्षं शोधत होती. फडाफडांत जाऊन चाळीस बायकांच्या मानेला यंत्राच्या चकत्या चिकटवून तिनं मापं घेतली, काथ्या आणि सुती कापडाचे थर देऊन रुंद, बसकी चुंबळ शिवली, आणि मानेचा ताण तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतो हे आकड्यांनिशी मांडलं. विभागातल्या काही विद्वानांनी नाकं मुरडली होती. चुंबळीवर कुठं पीएचडी असते का? मग पोर्तुगालमधल्या एका परिषदेनं तिला बारा मिनिटं बोलायला बोलावलं आणि मुरडलेली नाकं एका दिवसात सरळ झाली.

बोलावणं आलं, पण जायचं कसं? दिल्लीची एक संस्था अशा विद्यार्थ्यांच्या परदेशवारीचा पूर्ण खर्च उचलते. विद्यार्थ्यानं अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा, मग कॉलेजनं तो तपासून आपल्या खात्यातून पुढे पाठवायचा. कॉलेजनं पाठवला नाही तर तो अर्ज भरून न भरल्यासारखा. आणि कॉलेजचं खातं, त्याचा पासवर्ड आणि मोबाईलवर येणारा आकडा, हे सगळं भाऊसाहेबांच्या ताब्यात.

प्राध्यापकांची विमानं भाऊसाहेबांनी आजवर पुष्कळ उडवली होती. विद्यार्थ्याचं हे पहिलंच, आणि तेही कोयत्याच्या घरातल्या पोरीचं. तिच्या पासपोर्टची फाईल अडकली तेव्हा पोलीस ठाण्यात दोन खेटे त्यांनीच घातले होते. तिचा अर्ज त्यांनी ओळ न् ओळ वाचला, बोट ठेवायला कुठं जागा नव्हती. मग पंचांग उघडलं आणि ठरवून टाकलं की असला अर्ज पित्रांत पाठवायचा नाही. घटस्थापनेला, सकाळी, आंघोळ करून पाठवायचा. मुदतीची काळजी नव्हती. दरवर्षी विद्यार्थ्यांना वीस तारीख असे आणि कॉलेजला तीस. यंदाचं पत्रक पाच पानी होतं. भाऊसाहेबांनी पहिलं पान वाचलं. पुढची चार त्यांना पाठ होती, निदान तसं त्यांना वाटत होतं.

मधे एकदा धनश्री दारात येऊन उभी राहिली.

"भाऊसाहेब, तो अर्ज..."

"माझ्यावर सोड. चांगल्या दिवशी जाईल."

ती मान हलवून गेली. भाऊसाहेबांना तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

घट सोमवारी बसले. घरी छबूबाईंनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नीनं, मातीत धान्य पेरून घट मांडला, भाऊसाहेबांनी आरती केली, आणि कपाळावरचं गंध वाळायच्या आत ते कॉलेजात हजर झाले. कॉम्प्युटरला झेंडूचं फूल वाहिलं. खातं उघडलं. यादीत धनश्रीचं नाव होतं, पण त्यासमोर पुढे पाठवायचं हिरवं बटन असतं ते नव्हतं. तिथं लाल अक्षरांत लिहिलं होतं, मुदत संपली.

त्यांना वाटलं मशीन अडकलं. बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच लाल. मग त्यांनी पत्रक काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं तिसरं पान वाचलं. यंदापासून विद्यार्थी आणि कॉलेज, दोघांनाही तारीख एकच. शनिवार, संध्याकाळी सहा. शनिवारी सहाला भाऊसाहेब बाजारात होते, दुसऱ्या दिवशीच्या सर्वपित्रीसाठी भोपळा निवडत.

दिल्लीला फोन लावला. पलीकडची बाई सौजन्यानं बोलली, म्हणाली, एकदा बंद झालं की आमच्याकडूनही उघडत नाही. भाऊसाहेबांनी फोन ठेवला. काय करायचं, कुणाला सांगायचं, हे काही सुचायच्या आतच दारात धनश्री. खांद्याला पिशवी, गावी घटासाठी निघालेली.

"भाऊसाहेब, दिल्लीच्या साइटवरचं आमचं पान शनिवारपासून बंद दाखवतंय. म्हणून म्हटलं विचारून जावं. गेला ना अर्ज?"

"गेला," भाऊसाहेब म्हणाले.

एवढंच. तोंडातून कसं निघालं ते त्यांना कळलंही नाही. एकतीस वर्षांत त्यांनी खोटी नोंद केली नव्हती, कुणाची खाडाखोड खपवून घेतली नव्हती, आणि आता एका शब्दात सगळं पाण्यात गेलं.

धनश्रीचा चेहरा मोकळा झाला. "मग आज रात्री परिषदवाल्यांना कळवून टाकते. त्यांनी मला स्वतःहून राहायचं, फी, सगळं फुकट देऊ केलंय. विमानाचं तेवढं आपलं आपण. पण दिल्लीचा नियम हाय ना, दुसऱ्या कुणाची मदत घेतली तर अर्ज बाद. त्यांना उद्या संध्याकाळपर्यंत हो का नाही सांगायचंय. आता नाही म्हणून लिहिते, म्हणजे दिल्लीत काय खोट निघायला नको."

ती पिशवी सावरत एसटी गाठायला निघून गेली. भाऊसाहेब खुर्चीत बसून राहिले. दिल्लीचं दार तर बंद झालंच होतं. उरलेलं दार ही पोर रात्री आपल्या हातानं लावून घेणार होती, त्यांच्या एका शब्दावर विसंबून.

त्यांनी फोन लावला. तिनं उचललाही, मागे एसटीचा खडखडाट ऐकू येत होता. "हां भाऊसाहेब?"

"जागा मिळाली का बसायला?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मिळाली की."

"बरं, बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. अशा माणसाला काय म्हणावं!

घरी जाऊन त्यांनी छबूबाईंना सगळं सांगितलं. छबूबाई घटासमोर वात करत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वात परडीत ठेवली.

"परत फोन लावू का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"फोनवर तुमाला जमलं न्हाई, ते दिसलंच. उठा. गाडी धरा. तिच्या दारात जाऊन सांगा."

"आज? घट सोडून?"

"घटापाशी मी हाय. तुमी त्या पोरीपाशी जा."

दुपारी बाराची एसटी धरून भाऊसाहेब नगरला उतरले, तिथून पाथर्डीची गाडी. रस्ताभर ते वाक्यं जुळवत होते. नजरचुकीनं. तांत्रिक कारणास्तव. अनवधानानं. कार्यालयात असले शब्द पोत्यानं पडलेले असतात, त्यातला एकही त्यांना तिच्या दारात न्यावासा वाटला नाही. गावात पोचले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. विटांच्या दोन खोल्या, वर पत्रा, दारात शेळी. रंगुबाई ओट्यावर बसून धान्य पाखडत होती. कॉलेजातले साहेब आले म्हणताना ती गडबडीनं उठली, डोक्यावर पदर घेतला, सतरंजी टाकली, तांब्या भरून आणला.

"बसा साहेब. धनू, अगं भायेर ये, तुझे साहेब आल्यात!"

भाऊसाहेब बसले नाहीत. तांब्यालाही हात लावला नाही. धनश्री बाहेर आली, आणि त्यांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"धनश्री, तुझा अर्ज गेला न्हाई. सकाळी मी तुला खोटं सांगितलं. मुदत शनिवारीच संपली. मी पत्रक पुरतं वाचलं न्हाई. पित्रांत पाठवायला नको, चांगल्या दिवशी पाठवू म्हनून तेरा दिवस धरून बसलो. तू त्या लोकांना नकार कळवू नको, एवढं सांगायला आलो."

पाण्याचा तांब्या रंगुबाईच्या हातात तसाच राहिला. धनश्री आत गेली, मोबाईल घेऊन बाहेर आली, आणि ओट्याच्या कडेला बसली.

"रोज बघत होते मी," ती म्हणाली. "तेरा दिवस. रोज सकाळी पान उघडायचे, तर तेच, अर्ज कॉलेजकडे पडून हाय. मला वाटायचं विचारावं. मग वाटायचं, भाऊसाहेब इतकं करतात आपल्यासाठी, त्यांना काय टोचायचं. विचारायला पायजे होतं मी."

"न्हाई, तुझी काय चूक..."

"मी माझी चूक म्हणतच नाही!" तिचा आवाज चढला. "तुमचीच हाय. चाळीस बायांच्या मागं फडातून हिंडले मी, भाऊसाहेब. त्या मेहनतीवर अर्ज जाईल असं मला वाटत होतं. तुम्ही तो तिथीवर पाठवणार होता. माझ्या चार वर्षांवर तुमचा भरवसा नव्हता का?"

भाऊसाहेबांचे डोळे भरून आले, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली, कारण रडायचा हक्क असलाच तर तो समोरच्या पोरीचा होता.

"नकार गेला का मग?" शेवटी त्यांनी विचारलं.

धनश्रीनं मोबाईल त्यांच्यासमोर धरला. "लिहून ठेवलाय. दुपारीच पाठवणार होते. आईनं अडवलं."

रंगुबाई बावरून दोघांकडे पाहत होती. "म्या म्हनलं, आज घट बसल्यात, आज दारात आल्याल्या कुनाला न्हाई म्हनू नगं. उंद्या म्हन. मला काय ठावं हे असलं हाय."

मग धनश्री हसली. गोड हसू नव्हतं ते, वैतागाचं होतं, पण हसली. "घ्या! तुमच्या पंचांगानं घालवलं, आईच्या घटानं राखलं. आता ह्यात मी कुठं हाय ते तेवढं सांगा कुणीतरी."

तिनं लिहिलेलं सगळं पुसलं आणि तिथंच बसून नवीन लिहिलं. रेंज येईना म्हणून शेळीच्या खुंट्यापाशी जाऊन उभी राहिली. होकार गेल्याचं पाहूनच परत आली. "गेला," ती म्हणाली. तो शब्द ऐकून भाऊसाहेबांनी मान खाली घातली.

"आता पानी तरी घ्या," रंगुबाई म्हणाली, आणि त्यांनी घेतलं.

राहणं झालं, फी झाली, विमानाचं राहिलंच. निघताना भाऊसाहेब म्हणाले, "तिकिटाचं मी बघतो." धनश्री म्हणाली, "बघतो नको. काय करणार ते सांगा." भाऊसाहेबांनी ते सांगितलं. ते ऐकल्यावर ती एसटीच्या थांब्यापर्यंत त्यांना पोचवायला आली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य राधाकृष्ण निमसे यांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. माणूस भला होता आणि भाऊसाहेबांवर त्याचा जीव होता. "एवढं काय घेऊन बसलात? सर्व्हर बंद होता असं लिहा. कुणी विचारायला येत नाही. डिसेंबरअखेर तुम्ही निवृत्त होताय, कशाला शेवटच्या तीन महिन्यांत डाग लावून घेताय?"

"सर्व्हर बंद होता म्हटलं तर पोरीला काय मिळंल, सर?"

भाऊसाहेबांनी नियमांची फाईल पुढं सरकवली. पान त्यांनी आधीच मुडपून ठेवलं होतं. कार्यालयाच्या चुकीमुळे विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती किंवा अनुदान बुडालं, तर कॉलेज ते भरून देईल. मात्र चूक कुणाची ते कार्यालयानं लेखी दिलं पाहिजे. बावीस वर्षांपूर्वी हा नियम टाईप केला होता तो खुद्द भाऊसाहेबांनीच. आजवर एकदाही वापरला गेला नव्हता. चूक कुणाची हे लेखी द्यायला तयार होणारा माणूसच कधी निघाला नव्हता, मग वापरणार कुठून!

"चौकशी लागेल," प्राचार्य म्हणाले. "सर्व्हिस बुकात नोंद होईल. पेन्शनची फाईल अडकेल, भाऊसाहेब. सहा महिने, कदाचित वर्ष."

"अडकू द्या. माझ्या घरी दाणे हायत."

त्यांनी खिशातून कागद काढला. टाईप केलेला नव्हता, हातानं लिहिलेला होता. अर्ज वेळेत आला होता. तो परिपूर्ण होता. मी पत्रक पूर्ण वाचलं नाही आणि तिथी पाहून अर्ज रोखून धरला. विद्यार्थिनीचा यात कोणताही दोष नाही. खाली सही, तारीख. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला.

"तिथीचं तरी काढा हो. लोक हसतील."

"हसू द्या," भाऊसाहेब म्हणाले. "खरं तेच हाय."

लोक हसले. संचालकांच्या बैठकीत हसले, स्टाफरूममध्ये हसले, कोल्हारच्या चहाच्या टपरीपर्यंत ती गोष्ट गेली. एकतीस वर्षांत ज्यांनी स्वतःच्या बढतीचा मुहूर्त भाऊसाहेबांना विचारला होता तेच सगळ्यात मोठ्यानं हसले. भाऊसाहेबांना ते लागलं. रोज संध्याकाळी छबूबाईंपाशी ते बोलूनही दाखवत, आणि रोज सकाळी मोटरसायकलला किक मारून कामावर जात. चौकशी लागली, पेन्शनची फाईल खाली जाऊन बसली. पण दिवाळीच्या आधी तिकिटाची मंजुरी आली.

धनश्री तिकीट काढायला कार्यालयात आली तेव्हा तिच्या हातात नवी कोरी चुंबळ होती. परिषदेत दाखवायला तिला आईची वापरलेली न्यायची होती, पण रंगुबाईनं साफ नकार दिला होता. म्हणाली, ती माझी हाय, दिवाळी झाली की मला फडात लागंल. तुला नाचवायला दुसरी शिव. धनश्रीनं हे सांगितलं आणि दोघंही हसले. महिन्याभरात दोघं एकत्र हसले ते पहिल्यांदाच.

भाऊसाहेबांनी कॉम्प्युटर उघडला. मंजूर रकमेत बसणारं विमान एकच होतं. तारीख बघताच त्यांचा हात सवयीनं पंचांगाकडे गेला आणि मधेच थांबला. बघायची गरज नव्हती, ती तिथी त्यांना तोंडपाठ होती.

धनश्रीनं ते पाहिलं. मोबाईलवर बोट फिरवून तिनं शोधून काढलं, आणि चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणाली, "भाऊसाहेब, त्या दिवशी अमावस्या हाय."

"हाय," भाऊसाहेब म्हणाले.

"मग? चालंल?"

भाऊसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, टेबलावरच्या चुंबळीकडे पाहिलं. चाळीस बायकांच्या माना, चार वर्षं, ओळ न् ओळ परिपूर्ण असलेला तो अर्ज, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांना भीती वाटत होती, हे खरंच. पण ती भीती त्यांची होती, पोरीचं विमान त्या भीतीपायी थांबवायचं काही कारण नव्हतं.

"तुझं काम चांगलं हाय," ते म्हणाले. "जा तू." आणि त्यांनी बटन दाबलं.

प्रिंटर कुरकुरत तिकीट बाहेर टाकू लागला. भाऊसाहेबांनी ते दोन्ही हातांनी उचललं, तिच्या हातात दिलं, आणि घसा खाकरून एकतीस वर्षांच्या आवाजात बजावलं, "आणि हे बघ, जातायेताचे बोर्डिंग पास फेकू नको. फाईलला लावावे लागतात."